गोणीतली ओटी

ओटी भरताना बायका खण निरखून बघतात, नारळ कानाशी हलवून बघतात. खारकेकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मी मात्र आधी खारीकच बघते, कारण तो माझा धंदा आहे. अंबरनाथ-बदलापूरकडच्या सात मंगल कार्यालयांना मी ओटीचे तयार संच पुरवते. हळकुंड, सुपारी, बदाम, खारीक, खोबऱ्याची वाटी आणि वर खण, सगळं एका जाळीच्या पिशवीत. ओटीत घालायची खारीक अखंड लागते, देठाकडची टोपी शाबूत लागते. तुटकी, चिरलेली, बी काढलेली खारीक खुशाल खिरीत घाला, पण ओटीत नको.

आता गंमत अशी की हे सगळं बांधणारी मी, कुंदा, विधवा. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. वर्षाला हजारो ओट्या माझ्या हातून बांधल्या जातात. कार्यालयात संच पोचवायला गेले की यजमानीणबाई मला आग्रहाने जेवायला बसवतात, आणि ओटीचं तबक फिरायला लागलं की सगळ्यांना अचानक माझ्या पलीकडे बसलेली बाई दिसते. मी रागावत नाही. म्हणजे रागावते, पण घरी येऊन.

खारीक मला मिळते उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या टेकचंदशेठच्या गोदामात. त्याच्याकडे ती यायची सिंधमधून. हो, पाकिस्तानातून. आपल्या लेकीसुनांच्या ओटीत कित्येक वर्षं तिकडची खारीक पडत होती, हे कार्यालयात सांगितलं तर निम्म्या बायका तबक खाली ठेवतील. पूर्वी ती अटारीच्या नाक्यावरून ट्रकने यायची. २०१९ मध्ये पुलवामानंतर जकात इतकी चढली की तो रस्ता बंद झाल्यातच जमा होता. मग ती दुबईला वळसा घालून, गोणीवर दुबईचा शिक्का मारून यायला लागली. मी काही विचारलं तर टेकचंदशेठ म्हणायचा, "भाभी, तू खारीक देख ना, गोणी कशाला वाचते?"

चार वर्षांपूर्वी एक गोणी अशी आली की निम्म्या खारकांच्या टोप्या उडालेल्या. लग्नसराई तोंडावर आलेली. मी फोनवर रेकॉर्ड करून टेकचंदशेठला असा काही आवाज पाठवला की शेजारच्या खोलीतला माझा मुलगा बाहेर येऊन बघून गेला. शेठ मोठा हुशार. त्याने उत्तर द्यायच्या ऐवजी तोच आवाज दुबईला ढकलला आणि दुबईवाल्याने तो कराचीला. तिसऱ्या दिवशी दुपारी एका अनोळखी नंबरावरून उत्तर आलं. बाईचा आवाज होता आणि चक्क मराठी.

"बाई, एवडी कावू नको गो. खारीक ओटीची हाय ह्या मला कोनी सांगितलाच नाय. आता मी सोता निवडून धाडते. एक टोपी तुटली तर माजा नाव बकुळा नाय."

बकुळा कराचीतल्या गोदामात खारीक निवडायचं काम करायची. तिचा आजा फाळणीच्या आधी कोकणातून तिथल्या गोदीत कामाला गेला आणि तिथलाच झाला. तिचं बोलणं ऐकून मला माझ्या मोरिवलीच्या काकूची आठवण यायची. मध्येच एखादा उर्दू शब्द आला की मग भान यायचं, अरे, ही तिकडे आहे. माझ्या गोण्या तीच निवडायची आणि हिरव्या दोऱ्याने शिवायची, म्हणजे इकडे टेकचंदशेठला कळावं की ही कुंदाची. आणि रोज दुपारी तीनच्या सुमारास तिचा आवाज यायचा, "काय गो, जेवलीस?"

तिने विचारेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं की हे मला कित्येक महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं. माझा मुलगा सोहम माझ्याजवळच राहतो. एकोणतीस वर्षांचा आहे, गुणी आहे, एका पैशाचं व्यसन नाही. पण घरात शिरला की कानांत ती फोनची दोन बोंडं घालतो. मी त्याच्या खोलीत गेले की भुवया वर करतो, म्हणजे काय हवंय ते बोल. मला काही नको असतं. मी नुसतीच गेलेली असते. मग मी उगीच धुवायचे कपडे मागते आणि परत येते.

म्हणून मी सगळं बकुळाशी बोलायला लागले. आमटी खारट झाली, गुडघा धरला, वरच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत पाणी सांडतात. तीही सांगायची. नवरा गेल्यावर ती दोन्ही मुलींना एकटीने वाढवत होती. एकदा तिने विचारलं, "तुजी ओटी कोन भरता गो?" मी म्हटलं, "कोण भरणार? हे गेल्यापासून नाही." ती इतकी हसली की मला आधी रागच आला. मग म्हणाली, "आमच्या गल्लीत मराठी घरां पाच. विधवा-सवाशीण करत बसलो तर ओटी भरायला बाईच ऱ्हायची नाय. आमी सगळ्यांची भरतो."

त्या दिवशी मी संच बांधायचे सोडून नुसती बसून राहिले.

सोहमने एकदा तिचा आवाज ऐकला आणि विचारलं, "कोण ही?" मी म्हटलं, "वांगणीची बकुळा. हळकुंडं देते." त्याला पटलं, कारण बोलणं तसंच. खोटं का बोलले? कारण सोहम संरक्षण खात्याच्या कारखान्यात कामाला आहे. त्याआधी ह्यांनी तिथेच तीस वर्षं काढली. आत काय बनतं ते घरात बोलायचं नाही, हे मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात शिकले. अशा घरातल्या बाईने कराचीशी गप्पा मारू नयेत हे मला कळत होतं. कळत होतं आणि तीन वाजले की मी फोन हातात घेत होते.

मग गेल्या वर्षी एप्रिलमध्ये काश्मीरात फिरायला गेलेली माणसं मारली गेली. त्यात आपल्या डोंबिवलीची पण होती. मी टीव्हीसमोर रडले, शिव्याही दिल्या. अटारी बंद झाली. मे महिन्यात हुकूम आला की तिकडचा माल कुठल्याही वळशाने इकडे आणायचा नाही. पुढे चार दिवस दोन्हीकडून जे चाललं ते सगळ्यांना माहीत आहे. हे चूक झालं असं मी म्हणणार नाही. माझ्या घरातली चूल सीमेसाठी बनणाऱ्या वस्तूंच्या पगारावरच पेटत आली आहे. सीमा राखायची तर दार लावावं लागतं. फक्त दाराच्या पलीकडे माझं एक माणूस राहिलं होतं, आणि ते कोणापाशी बोलायची सोय नव्हती.

बकुळाचं गोदाम बंद पडलं. तिचे निरोप कमी झाले, पण थांबले नाहीत. मीही थांबले नाही.

त्याच दिवसांत सोहमने कारखान्यातून एक फॉर्म आणला. परदेशात कोणाशी संपर्क आहे का, स्वतःचा किंवा घरातल्यांचा. जेवणाच्या टेबलावर बसून त्याने माझ्यादेखत 'नाही' लिहिलं आणि सही ठोकली. मी समोर गवार मोडत होते. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी आणखी गवार मोडली.

जूनमध्ये टेकचंदशेठचा फोन आला. एप्रिलच्या आधी उतरलेल्या मालातली हिरव्या दोऱ्याची एक गोणी त्याच्याकडे मागे राहिली होती. "आखरी है भाभी, यापुढे नाय मिळणार." तसं मी बकुळाला कळवलं आणि रविवारी ती रिक्षाने घरी आणली. माझा गुडघा बघून की काय कोण जाणे, सोहम कधी नव्हे तो मदतीला आला. मी जमिनीवर चादर पसरली, त्याने दोरा कापला आणि गोणी पालथी केली. खारकांच्या ढिगाबरोबर एक पुडकं घरंगळत बाहेर आलं.

वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. अक्षरं उजवीकडून डावीकडे जाणारी. सोहमने ते उचललं आणि उघडलं. आत हिरवा खण होता आणि त्यात पाच खारका, पाच बदाम, हळकुंड, सुपारी. एका चिठ्ठीवर वाकड्यातिकड्या देवनागरीत लिहिलं होतं, 'कुंदाची ओटी. बकुळा, कराची.'

तिच्या ध्यानातही आलं नसणार. दुबईच्या शिक्क्याच्या गोणीत कराचीचं वर्तमानपत्र घालून, वर माझं नाव आणि स्वतःचा पत्ता. ओटी द्यायची तर ती कोणाकडून आली हे सांगायला नको का? बायका असंच करतात. मी तिच्या जागी असते तर मीही असंच केलं असतं.

"वांगणीची बकुळा," सोहम म्हणाला. कानांत बोंडं नव्हती. "आई, किती दिवस चालू आहे हे?"

"तीन वर्षं."

"काय बोलतेस तिच्याशी?"

"जेवलीस का, हे."

तो खाली चादरीवर बसला.  "मी सही केलीय, आई. 'नाही' लिहून सही केलीय. हे उद्या बाहेरून कळलं ना, तर नोकरी तर जाईलच, पुढे काय काय होईल सांगता येत नाही."

"मी सगळं पुसून टाकते," मी म्हटलं. "पुडकं जाळून टाकू."

त्याने खण परत वर्तमानपत्रात गुंडाळला. मग मान हलवली. "नाही. बाबांनी काय केलं असतं माहितीये तुला. उद्या आपण दोघं जाऊन सांगायचं."

मला माहीत होतं. म्हणून तर मला बापलेकांचा इतका राग येतो.

सोमवारी आम्ही सुरक्षा अधिकाऱ्यांच्या खोलीत गेलो. साहेब हिंदी बोलणारे होते, वयाने सोहमहून थोडे मोठे. ओरडले नाहीत. पुडकं एका पारदर्शक पिशवीत घालून त्यांनी वर नंबर लिहिला आणि माझा फोन मागितला. मग म्हणाले की सगळे निरोप ऐकावे लागतील. मी म्हटलं, "साहेब, तीन वर्षांचे आहेत." ते म्हणाले, "तो तीन दिन बैठेंगे, माताजी."

त्यांना मराठी जेमतेम समजायची, निरोपांतली बोली तर मुळीच नाही, म्हणून शालन मॅडम नावाच्या एक बाई आल्या. त्या ऐकायच्या आणि हिंदीत टाइप करायच्या. मी एका खुर्चीवर, सोहम दुसऱ्या. घरातल्या माणसाने आवाज ओळखून तशी सही करायची, असा नियम होता. पहिल्याच निरोपात मी खारकेच्या टोप्यांवरून भांडत होते. साहेबांना ओटी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. शालन मॅडम सांगायला लागल्या आणि शेवटी माझ्याकडे बघून अडल्या. मग मीच सांगितलं, "सवाशीण बाईची भरतात. माझी नाही भरत." साहेबांनी ते लिहून घेतलं. हे सरकारी कागदावर गेलं याचं मला हसू आलं, आणि लगेच इतकं वाईट वाटलं की पाणी मागावं लागलं.

आयुष्यात कोणी माझं बोलणं इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. आमटी, गुडघा, वरच्यांचं पाणी. ह्यांच्या श्राद्धाला केलेली खीर, जी खायला कोणी आलं नाही. एके ठिकाणी माझा आवाज म्हणाला, "बकुळा, आज सोहम माझ्याशी चार वेळा बोलला. डबा, चावी, गीझर, दार लाव. मी मोजते हल्ली." शालन मॅडमचे हात टाइप करता करता थांबले. सोहम फरशीकडे बघत होता. साहेबांनी विचारलं, "क्या बोला?" आणि शालन मॅडमनी सांगितलं. मग सोहमला पुढे येऊन सही करावी लागली, की हो, हा माझ्या आईचाच आवाज आहे.

दुसऱ्या दिवशी ते निघालं ज्याला मी मनातून घाबरत होते, पण नेमकं काय बोलले होते ते आठवत नव्हतं. त्याच्या आधीच्या दिवाळीत मी बकुळाला सांगितलं होतं की सोहमला सलग रात्रपाळ्या लागल्यात, त्यांच्या बाजूचं एक शेड दुरुस्तीला बंद आहे म्हणून. साहेबांनी तो निरोप तीनदा वाजवला.  माझ्या तोंडून ते जाताना मला वाटलं होतं की मी मुलाच्या जागरणाची काळजी सांगतेय.

"आपका इरादा साफ है, माताजी," साहेब म्हणाले. "लेकिन सुननेवाली सिर्फ बकुळा नहीं होती. उनका फोन भी कोई देखता होगा, जैसे हम आपका देख रहे हैं."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मला त्यांचा रागही येईना, हीच अडचण. आपण वाईट नाही म्हणजे आपल्या हातून वाईट होत नाही, असं मी जन्मभर धरून चालले होते.

त्या दिवशी रिक्षात सोहम म्हणाला, "गुडघा इतका दुखतो हे मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तेव्हा तुझ्या कानांत बोंडं होती."

 घरी आल्यावर त्याने ती बोंडं टेबलावर काढून ठेवली आणि माझ्यासमोर बसला. दोघांनाही काय बोलावं सुचेना. शेवटी त्याने विचारलं, "जेवायला काय आहे?" मी सांगितलं. मग मी ताटं वाढायला उठले. त्याचा दोष नव्हता. सवयच नव्हती आम्हाला.

टेकचंदशेठचं नाव मला सांगावंच लागलं. त्याचा माल हुकुमाआधीचा होता, तरी दुबईची गोणी आणि कराचीचं वर्तमानपत्र याची उत्तरं त्याला देत बसावं लागलं. माझा फोन जमा होता म्हणून त्याने सोहमच्या फोनवर फोन केला. "भाभी, बीस साल का धंदा अपना. मला एकदा विचारायचं तरी होतं." एवढं बोलून ठेवला. नंतर मी केलेला फोन त्याने उचलला नाही.

बुधवारी उरलेले निरोप संपले. गुरुवारी आम्हाला पुन्हा बोलावलं. सोहमची नोकरी राहिली. स्वतः येऊन सांगितलं म्हणून राहिली, हे साहेबांनी दोनदा बजावलं. आतल्या विभागातून त्याला भांडारात हलवलं. पुडकं फाइलीबरोबर त्यांच्याकडेच राहणार होतं. माझ्यापुढे त्यांनी एक कागद ठेवला. त्या नंबरशी, किंवा तिकडच्या कोणाशीही, यापुढे कसलाही संपर्क ठेवणार नाही. मी वाचून सही केली.  मुलाची नोकरी एका बाजूला असताना विचार कसला करायचा?

साहेबांनी फोन परत द्यायला पुढे केला आणि थांबले. पडद्यावर बकुळाचा नवा निरोप होता, त्याच सकाळी आलेला.

"ये भी फाइल में लेना पड़ेगा," ते म्हणाले आणि त्यांनी तो वाजवला.

"कुंदा, चार दिस झाले, बोलत नायस. तुज्याकडं सगळी खैरियत हाय ना गो? आनी माजी ओटी गावली का? नुसता हो म्हन. मग परत कदी नाय बोललीस तरी चालंल. एकदा हो म्हन, म्हंजे मला कळंल, कुंदाची ओटी भरली."

शालन मॅडमनी टाइप केलं नाही. डोळ्यांना पदर लावला.

"साहेब," मी म्हटलं, "एकच शब्द. तुमच्यासमोर बोलते. फक्त 'हो'."

साहेब कागदाकडे बघत राहिले. त्यावरच्या माझ्या सहीची शाई अजून ओली असेल. "माताजी, आपने अभी साइन किया है."

"सर, प्लीज," सोहम उठून उभा राहिला. मी त्याला कोणापुढे असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. "एक शब्द आहे सर. मी लिहून देतो, माझी जबाबदारी."

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. कठोर नव्हते ते. त्यांनी फोन माझ्याकडे वळवला, तिचा नंबर बंद कुठे करायचा ते दाखवलं आणि बटण मलाच दाबायला सांगितलं.

दाबण्याआधी मला तिच्या निरोपाशेजारचा तो छोटा माइक दिसला. निळा झाला होता. आपण निरोप ऐकला की पाठवणाऱ्यालाही तो निळा दिसतो, हे मला बकुळानेच शिकवलं होतं. म्हणजे तिकडे कराचीत तिला कळलं होतं की कुंदा आहे, कुंदाने ऐकलं. नावाखाली ती ऑनलाइन दिसत होती. उत्तराची वाट बघत फोन हातात धरून बसली होती.

मी बटण दाबलं.